चार लाव्यांचं पाणी

थोरल्याने दोरी ताणून खुंटीला गाठ मारली, तेव्हा धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दोरीचं त्यात काही नव्हतं. भाऊ आपल्या कामाला आला होता, म्हणून आलं.

थोरला गवंडी, धाकटा सायकली दुरुस्त करणारा. दोघांची घरं एकाच भिंतीला दोन अंगांनी टेकलेली, मागे एकच परस आणि परसाच्या मधोमध बापाने खणलेली विहीर. बापाने विहीर खणली, वाटणी मात्र केली नाही. "तुमचं तुम्ही बघा," म्हणाला आणि गेला. यांनी बघितलं, म्हणजे एकमेकांकडे बघायचं सोडून दिलं. थोरली जाऊ सकाळी पाणी भरायची, धाकटी दुपारी. थोरल्याला काही कळवायचं असलं की तो परसातल्या कुत्र्याला मोठ्याने सांगायचा. "काय रे, काही लोकांच्या सायकली आमच्या दारात पडतात." कुत्रं गावाचं होतं, पण त्याला दोन्ही घरांच्या भानगडी तोंडपाठ होत्या.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना धाकट्याकडे लावे आले. एक गिऱ्हाईक पंक्चर काढायला सायकल लावून गेलं ते परत आलंच नाही, आणि कॅरिअरवरच्या खोक्यात लावे निघाले. लावा हा पक्षी घाईत बनवलेला असावा. मुठीत मावेल एवढा, शेपूट लावायची राहूनच गेली, आणि अक्कल वाटली गेली त्या दिवशी तो बहुतेक रजेवर होता. दचकला की सरळ वर उडतो. वर काय आहे ते डोकं आपटल्यावर बघतो. धाकट्याला मूलबाळ नव्हतं. त्याने या पाखरांना असा जीव लावला की दुकानात चेन ओवताना त्यांची गाऱ्हाणी गिऱ्हाइकांना सांगायचा.

मग मुंगूस आलं. टोपलीखालचे निम्मे लावे नेले, चार उरले. धाकटा पायरीवर सुतक असल्यासारखा बसला होता. तेवढ्यात थोरला आला आणि मध्ये कुत्रा न घेता बोलला.

"मुंगूस आलं होतं म्हणे."

कुत्र्यालाही नवल वाटलं असावं. ते उठून गेलं.

"आलं होतं, दादा," धाकटा म्हणाला. दादा हा शब्द तोंडात गंजला होता, तरी निघाला.

"टोपलीत पाखरं ठेवतात का येड्या? जिथनं मुंगसाचं डोकं जातं तिथनं सगळं मुंगूस जातं. बारीक भोकाची जाळी आण. खुराडं मी बांधून देतो."

धाकट्याची बायको आतून ऐकत होती. थोरला गेल्यावर ती म्हणाली, "भावजींना आजच पाखरांचा पुळका कसा आला?"

"रक्त आहे आमचं."

"रक्तच आहे. म्हणून तर जपून."

थोरल्याने काम मात्र देवघर बांधावं तसं केलं. दोरी घराच्या भिंतीपासून पार मागच्या कुंपणापर्यंत ताणली.

"एवढी लांब कशाला, दादा? खुराडं तर दोन खाटांएवढं."

"आखूड दोरीवर ओळ चुकते. लांब ताणली की सरळ येते. तू चेनला तेल घाल, मला दोरी शिकवू नको."

दोरी विहिरीच्या अलीकडून गेली. "सकाळचं ऊन इथंच येतं," थोरला म्हणाला, आणि ते खरंच होतं. धाकट्याने त्या ओळीत हातभर खोल चर खणला. जाळी चरात सोडून खाली बाहेरच्या अंगाला वळवली, म्हणजे उकरणाऱ्याच्या पंज्याला खालीही जाळीच लागावी. वर दगड बसवले. छत बुटकं, आणि त्याला आतून गोणपाट ताणलेलं, म्हणजे दचकलेल्या लाव्याचं टाळकं फुटू नये. दाराला दोन कड्या. एका कोपऱ्यात लोळायला बारीक वाळू. वाळू थोरल्याने स्वतःच्या कामावरून आणली आणि स्वतः चाळली.

शेवटी चारही लावे आत सोडले. ते वाळूत लोळले. दोघे भाऊ गुडघ्यावर बसून बघत राहिले.

"बापाने बघायला पाहिजे होतं," धाकटा म्हणाला.

"हं," थोरला म्हणाला, आणि खुंट्या तशाच ठेवून गेला.

दुसऱ्या आठवड्यात धाकटा दुकानातून जेवायला आला, तर परसात भिंत उगवत होती. खुराड्याच्या दगडांपासून सुरू झालेली, दोरीच्या ओळीत, सरळ कुंपणाकडे. विहीर तिच्या पलीकडे.

"दादा, हे काय?"

"हद्द. वाटणी झाली ना आपली."

"कधी?"

"तू चर खणलास की."

कुंपणानेच शेत खाल्लं असं लोक म्हणतात. इथे खुराड्याने विहीर गिळली होती. आणि केसाने गळा कापायची रीत असली, तरी हा गवंडी पडला. त्याने दोरीने कापला.

धाकट्याने गावातली चार जाणती माणसं बोलावली. ती आली, खुराड्याभोवती फिरली, जाळी ओढून बघितली. एकाने दगडांना ओळंब्याची दोरी लावून मान डोलावली. मग धाकट्याला विचारलं.

"ही ओळ तुझ्यासमोर ठरली?"

"हो, पण ती खुराड्याची."

"चर कुणी खणला?"

"मी."

"कुणी बळजबरी केली?"

"बळजबरी कसली," थोरला म्हणाला, "डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी बघितलंय."

धाकट्याने होकारार्थी मान हलवली, कारण ते खरं होतं.

स्वतःच्या हाताने खणून, दगड बसवून, रडून घातलेली हद्द चौघांनी मान्य केली. त्यातला एक म्हातारा उठता उठता म्हणाला, "पण मुक्या जिवांचं काय? विहीर तुझ्याकडे गेली."

जिंकलेल्या माणसाला उदार व्हायची फार हौस असते. थोरला छातीवर हात ठेवून म्हणाला, "पाखरांचं पाणी मी तोडणार नाही. त्यांना लागेल तेवढं ह्या विहिरीतून देईन. चौघांसमोर शब्द."

"मनाचा मोठा," म्हातारा म्हणाला, आणि मंडळी गेली.

धाकट्याने पहार उचलली आणि खुराड्याच्या दगडावर रोखली. थोरला भिंतीपलीकडून म्हणाला, "तिथं नको मारूस. हादऱ्यानं पाखरं वर उडतील."

"गोणपाट आहे ना वर."

"आहे. तरी जपावं."

धाकट्याने पहार खाली टेकली. "एवढं सांग, दादा. कधी ठरवलंस?"

थोरल्याने जरा विचार केला. "खोटं नाही सांगत. आलो तेव्हा खुराडंच बांधायला आलो होतो. दोरी ताणली, मान वर करून बघितलं, तर विहीर माझ्या बाजूला दिसली."

त्याने खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आधीपासूनचा डाव असता, तर शिव्या तरी देता आल्या असत्या. आता धाकट्याला सगळं पुन्हा आठवायचं होतं, आणि त्यातला भाऊ कुठवर होता नि गवंडी कुठून सुरू झाला ते शोधायचं होतं. त्या दिवशी तो जेवला नाही.

बायको जेवली. सकाळी ती बादली घेऊन भिंतीशी उभी राहिली.

"भावजी, पाखरांचं पाणी."

थोरल्याने बादली भरून दिली. तिने घागर पुढे केली.

"एवढं?"

"ऊन फार आहे."

"चार लाव्यांना?"

"प्यायला बादली. घागर आंघोळीची."

"लावे मातीत लोळतात. पाण्यात कधी आंघोळ करतात?"

"आमचे सायकलवरून आलेत. त्यांची रीत वेगळी. लागेल तेवढं म्हणाला होतात. बोलावू का त्या चौघांना?"

थोरल्याने घागर भरली. दुपारी लाव्यांना कपडे धुवायचे होते. संध्याकाळी त्यांच्याकडे पाहुणे येणार होते. आठवड्याभरात चार लावे एवढं पाणी प्यायला लागले की तेवढ्यात बैलजोडी पोहली असती. गावात चर्चा झाली, पण शब्द तो शब्द. भिंतीपलीकडून थोरली जाऊ हसल्याचा आवाज यायचा. धाकटा हसत नसे. त्याच्या घरातला पाण्याचा प्रत्येक घोट आता चार बिनडोक पाखरांच्या जिवावर होता, आणि हे त्याच्याइतकंच थोरल्यालाही कळत होतं.

म्हणूनच थोरल्याच्या घरी मांजर आलं. बोका होता, कान फाटलेला. "उंदरांसाठी," थोरला म्हणाला. त्याच्या घरात उंदीर कधीच नव्हते. बांधकाम पक्कं होतं.

बोका पहिल्याच दिवशी भिंत उतरून आला. धाकटा धावला, पण बायकोने हात धरला. "बघू दे त्याला."

बोक्याने जाळीला पंजा लावला. आत नख तेवढं गेलं. दारावर उडी मारली. कड्या वाजल्या, हलल्या नाहीत. लावे भुर्रकन वर उडाले, गोणपाटाला लागून पुन्हा वाळूत पडले. बोका कडेला उकरायला लागला. माती उडाली, मग जाळी लागली. जागा बदलून पुन्हा उकरलं. तिथेही जाळी.

थोरला भिंतीवरून मान काढून बघत होता. बोका थकून बाजूला बसला, तेव्हा थोरल्याच्या तोंडावर क्षणभर समाधान पसरलं, गवंड्याचं. मग आपण कुणाच्या बाजूचे ते त्याला आठवलं आणि त्याने बोक्याला शिवी हासडली.

"काम चांगलं केलंस," धाकटा म्हणाला. दादा हा शब्द मात्र निघाला नाही.

बायकोने भिंतीवर घागर ठेवली.