जांभळी रेघ

मी एक जुना आलेख आहे. कागदावरचा नव्हे, मित्रांनो, संगणकावरचा. एका फुकट संकेतस्थळावर माझा जन्म झाला. फुकट म्हणजे कसं? दिवसातून ठरावीक वेळाच ते मला नव्याने काढणार. ती मर्यादा संपली की जुनीच रेघ दाखवत राहणार आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत तसं लिहिणार. ती अक्षरं कुणी वाचल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

नदीची पातळी मोजणाऱ्या कचेरीत मी कामाला लागलो. तिथल्या मोजणीबाई पुलाखालच्या पट्टीवर पाणी बघायच्या, आकडा भरायच्या, आणि मी रेघ पुढे न्यायचो. काठावरची माणसं मला मोबाइलवर बघून निर्धास्त असायची. काय माझं कौतुक! भिजायचं बाईंनी आणि शाबासकी मला.

एकदा वरचे अधिकारी भेटीला येणार होते. साहेबांनी सकाळपासून मला रंगवायला घेतलं. निळा, हिरवा, परत निळा. दर रंगाला मी नव्याने निघायचो आणि मर्यादा कमी व्हायची, पण साहेबांच्या ते गावीही नव्हतं. अखेर जांभळ्यावर गाडी थांबली. तोवर माझी त्या दिवसाची मर्यादा संपली होती.

दुपारी पाणी झपाट्याने चढू लागलं. बाई आकड्यांवर आकडे भरत होत्या आणि मी ढिम्म. काठावरच्या घरात, तळमजल्यावर, त्यांची अंथरुणाला खिळलेली आई होती. सोबतीला धाकटा भाऊ. बाईंनी दोनदा फोन केला. पठ्ठ्याने दोन्ही वेळा कापला, कारण तो मला बघत होता! तिसऱ्यांदा वैतागून उचलला.

"ताई, रेघ सपाट आहे. उगाच घाबरवू नकोस."

"रेघ गेली खड्ड्यात. आईला आत्ता वर ने."

त्याने आईला पाठीवर घेतलं. जिना अर्धा चढतो न चढतो तोच पाणी घरात घुसलं आणि बघता बघता आईचा पलंग बुडाला.

इकडे कचेरीत पाहुण्यांनी माझ्या रंगाची तारीफ केली. साहेब चक्क लाजले.

मित्रांनो, शाळेच्या निबंधात आत्मकथा सांगणारे माझे भाऊबंद शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या. मी नाही म्हणणार, माझी तेवढी लायकी नाही. पण मला बघत असताना तुमच्या ताईचा फोन आला, तर आधी मला बंद करा आणि तो उचला.