चपलांत ठेवलेली गालगादी

मित्रांनो, मी एक जुनी चामडी गादी आहे. बसायची नव्हे, गाल टेकायची. छऱ्यांच्या रायफलीच्या दस्त्यावर मला बांधलेलं आहे. माझा जन्म शनिवार पेठेतल्या गुलजारचाचांच्या दुकानातला. चाचा मृदंग आणि तबले मढवत. कोथरूडच्या दत्तोबांचा मृदंग त्यांच्याच हातचा, आणि मीही त्यांच्याच हातची. म्हणजे तो मृदंग माझा थोरला भाऊच म्हणा ना! हे नातं ध्यानात ठेवा, कारण माझा सगळा राग तिथेच आहे.

विजयमाला, घरातली विजू, कॉलेजात नेमबाजी शिकत होती. तिची रायफल जुनी, दस्ता बसका. गाल टेकला की डोळा नळीच्या टोकावरच्या माशीपर्यंत पोचत नसे, आणि मान उचलून बघितलं की नेम हलत असे. जिल्ह्याच्या संघाची निवड तोंडावर आलेली. दत्तोबा तिच्या घरी दर एकादशीला कीर्तनात मृदंग वाजवत. त्यांनीच तिला चाचांकडे धाडलं.

"डोळे मीट, बेटा. गाल टेक. आता उघड. काय दिसतंय?"

"लोखंडाची पाठ."

चाचांनी माझ्या पोटात नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड थर घातला. "आता?"

"आता नुसतं आभाळ!"

"एवढ्यात नको जाऊस वर," चाचा हसले आणि नमदा तासू लागले. तासायचा, टेकायचं, पुन्हा तासायचा. शेवटी विजू ओरडली, "माशी! अगदी मधोमध!" तेव्हा कुठे चाचांनी मला ओलं करून ताणलं, मृदंगासारखंच चामड्याच्या वादीने कसून बांधलं आणि सावलीत वाळू दिलं. त्या दिवशी मला वाटलं, माझ्यासारखी भाग्यवान मीच!

निवडीच्या आदल्या दिवशी एकादशी होती. विजूने रायफल देवघराच्या कोपऱ्यात उभी केली आणि ती पताका बांधायला गेली. तेवढ्यात प्रेमला आत्या फुलं घेऊन आल्या. विजूच्या वडिलांच्या, आप्पासाहेबांच्या, या थोरल्या बहिणीचं सोवळं सगळ्या सोसायटीला ठाऊक.

"अगंबाई, चामडं! देवासमोर!"

रायफल चालली हो त्यांना, जी नेम धरते ती! मी, जी गालाला आधार देते, ती मात्र चालली नाही. आत्यांनी कात्रीने माझ्या वाद्या कापल्या आणि मला चिमटीत धरून दाराबाहेर चपलांत नेऊन टाकलं. वर कोणाची तरी ओली कोल्हापुरी आली. अंगाचा तिळपापड झाला माझ्या!

विजूला मी सापडले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्या, उद्या सकाळी निवड आहे माझी!"

"असू दे. देवाहून मोठी आहे का तुझी निवड?"

आत दत्तोबांनी मृदंग थेट देवापुढे ठेवला होता. विजू आत गेली, तो मृदंग उचलला आणि निघाली दाराकडे.

"अगं पोरी, माझा मृदंग!" दत्तोबा उठले.

"कुठे नेतेस?" आप्पासाहेबांनी वाट अडवली.

"चपलांत ठेवते, आप्पा. चामडं आहे ना. शिवाय चाचांच्याच हातचं."

आत्यांनी पदर सावरला. "त्याच्यावर हरिनाम वाजतं, म्हणून तो चालतो," त्या म्हणाल्या, पण आवाज पडला होता.

"ताई," आप्पासाहेब म्हणाले, "नाम घ्यायच्या आधीही तो चामड्याचाच होता की!" ते स्वतः बाहेर गेले, चपला बाजूला सारल्या आणि मला दोन्ही हातांनी आत आणलं. दत्तोबांनी पिशवीतली जास्तीची वादी काढली. देवासमोर बसून, मृदंगाच्या गाठीने त्यांनी मला पुन्हा बांधलं. विजूने डोळे मिटले, गाल टेकला, डोळे उघडले.

"मधोमध," ती म्हणाली. मगच टाळ वाजले. त्या रात्रीचं कीर्तन मी देवघराच्या कोपऱ्यातून ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी विजू संघात आली. शेवटच्या जागेवर, पण आली!

आता विजू कर्वेनगरात मुलांना नेमबाजी शिकवते. मित्रांनो, तुम्हीच ती मुलं. तुमच्यावरही माझा राग आहे! घामेजलेला गाल टेकता आणि मला तशीच पेटीत कोंबता. परवा तर उन्हात विसरून गेलात. अंगावर भेगा पडल्या माझ्या. सुक्या फडक्याने पुसा, सावलीत ठेवा. एवढंसुद्धा होत नाही?

होतं. आमच्या घरी एकीला जमतं. म्हाताऱ्या प्रेमला आत्या दर एकादशीला आधी मृदंग पुसतात, मग त्याच फडक्याने मला. परवा एका पाहुण्याने ओल्या हाताने मला उचललं, तर आत्या कडाडल्या:

"अहो, हात पुसा आधी! देवाघरची वस्तू आहे ती!"

माझ्यावर ओली कोल्हापुरी पडली होती, हे मी विसरलेले नाही. पण त्या दिवशी, खरं सांगते, मीच गप्प झाले.