उघडा फासा

बदली होऊन जिंतूरला आली तेव्हा अर्पिताच्या बॅगेत गणिताच्या पुस्तकांखाली एक कापडी पिशवी होती आणि पिशवीत सात फासे. पुण्यात बी.एड. करताना होस्टेलवर तिला या खेळाची गोडी लागली होती. या खेळाला पट लागत नाही की सोंगट्या लागत नाहीत. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगत जातो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपण काय करणार ते बोलून दाखवतात. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. राक्षस, साप, भुतं यांच्या वतीनं सूत्रधारच फासा टाकतो, पुठ्ठ्याच्या आडोशाला, म्हणजे खेळणाऱ्यांना आकडा दिसत नाही.

इथं खेळायला कोण मिळणार, असं तिला वाटलं होतं. पण बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला योगीराज मिळाला, आणि त्याचा मित्र सिद्धोधन, तो परभणीहून दर रविवारी एसटीनं यायला लागला. योगीराज लढवय्या झाला, सिद्धोधन मांत्रिक आणि अर्पिता सूत्रधार. अर्पिताच्या भाड्याच्या खोलीत, माडीवर, दुपारी दोनला खेळ सुरू व्हायचा.

तिसऱ्या रविवारी घरमालकीण प्रभावतीकाकू चहा घेऊन वर आल्या आणि दाराशीच उभ्या राहून ऐकत राहिल्या. त्यांची साठी उलटली होती. दोन्ही मुलं बाहेरगावी, नवरा दिवसभर टीव्हीसमोर. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, की या गोष्टीत औषधपाणी करणारं कुणी न्हाई का? त्या दिवशी चंपा वैदीण जन्माला आली.

चंपा तलवार चालवत नसे. ती जखमा बांधायची, पाला वाटायची, आणि वाटेत भेटलेल्या वेताळाशीसुद्धा असं बोलायची, की त्याला आपलं दुखणं सांगावंसं वाटे. योगीराजला आधी हे रटाळ वाटलं. महिनाभरानं तो पहिला प्रश्न चंपालाच विचारू लागला. काकू रविवारी सकाळीच स्वयंपाक उरकून घ्यायच्या.

म्हणूनच चंपाला मारायचा अर्पिताला धीर झाला नाही. एकदा डोंगरातल्या लुटारूचा भाला चंपावर आला. आडोशाला फासा पडला एकोणीस, म्हणजे वार वर्मी. अर्पिता म्हणाली, सात. भाला बाजूनं गेला. काकूंचा चेहरा खुलला आणि अर्पितालाही बरं वाटलं. त्यानंतर तिनं हे आणखी तीन वेळा केलं. म्हातारं माणूस आहे, कशाला दुखवायचं, असं ती स्वतःला सांगायची.

पाचव्या वेळी चंपासमोर दगडी वाघ होता. फासा वीसवर थांबला. अर्पिता म्हणाली, चार.

खेळ संपला, दोघं मित्र गेले. काकू कप गोळा करायला मागं राहिल्या. कप ट्रेमध्ये ठेवता ठेवता त्यांनी अर्पिताच्या पाठीमागच्या काचेच्या कपाटाकडं बोट केलं.

"त्या काचेत तुझे फासे दिसायलेत मला. दोन महिने झाले."

तुमचं मन मोडू नये म्हणून, असं काहीसं अर्पिता पुटपुटली.

काकू खुर्चीवर बसल्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या. सावकाश सांगू लागल्या. त्यांचा धाकटा भाऊ पूर्णेला रेल्वेत होता. तो आजारी पडला तेव्हा ही घाबरेल म्हणून कुणी त्यांना कळवलं नाही. फोनवर सगळे म्हणायचे, बरा आहे, जेवायलाय. मग एक दिवस गाडी पाठवली आणि वाटेत सांगितलं.

"मला जपलं सगळ्यांनी," काकू म्हणाल्या. "त्याच्याशी बोलायचं मात्र राहून गेलं. इथं मी त्यासाठीच यायले पोरी, की इथं जे व्हायचं ते माझ्यासमोर होईल."

पुढच्या रविवारी अर्पितानं खेळ सुरू करण्याआधी सगळं सांगून टाकलं. सांगताना तिचे कान तापले. योगीराजनं विचारलं, माझ्यासाठी किती वेळा आकडा बदलला? एकदाही नाही, असं ऐकल्यावर तो थोडा हिरमुसला आणि मग हसला. अर्पितानं पुठ्ठा उचलून पलंगाखाली सरकवला.

दगडी वाघ अजून गुहेच्या तोंडाशी होता. आत झऱ्याची किल्ली सापडली होती, आणि ती खाली नेली तरच सात गावांचं पाणी सुटणार होतं. तिघांपैकी कुणीतरी वाघाला अडवून धरलं तर बाकीचे निसटू शकत होते. योगीराज म्हणाला, मी थांबतो, तलवार माझ्याकडं हाय. काकूंनी मान हलवली.

"तुझं रक्त थांबलेलं न्हाई अजून. चंपा थांबेल."

सगळे टेबलावर वाकले. अर्पितानं फासा टाकला. तो वहीला आपटून फिरला आणि अठरावर थांबला. या वेळी तो सगळ्यांनीच पाहिला.

"अठरा," ती म्हणाली. "वाघाचा पंजा चंपाच्या छातीवर बसला. ती आता वाचत नाही. पण तिच्याजवळ थोडा वेळ आहे. ती काय करते, काकू?"

काकूंनी घाई केली नाही. चंपानं जडीबुटीचं गाठोडं सोडून लढवय्याकडं टाकलं, असं त्या म्हणाल्या. कोणता पाला तापावर, कोणता जखमेवर, कशात उकळायचा, किती वेळ, हे तिनं एकेक करून सांगितलं. योगीराजनं आजवर खेळात एक ओळ लिहिली नव्हती. त्यानं सिद्धोधनकडून पेन घेतला आणि सगळं लिहून काढलं. एका ठिकाणी त्यानं पुन्हा विचारलं, आणि काकूंनी पुन्हा सांगितलं. मग त्या म्हणाल्या, की आता झालं, तुमी निघा.

दोघं किल्ली घेऊन डोंगर उतरले. गावांना पाणी मिळालं.

काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला आणि अर्पिताकडं कोरा कागद मागितला. आता कोण होणार, असं तिनं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, चोर. बायांच्या गळ्यातलं न्हाई, राजाच्या कोठारातलं चोरणारी.

नव्या माणसाची ताकद फाशांवर ठरते. काकूंनी तीन छोटे फासे ओंजळीत खुळखुळवून टाकले. बेरीज पाच आली, म्हणजे फारच थोडी. पुन्हा टाका, असं अर्पिताच्या अगदी ओठांवर आलं होतं. ती गप्प राहिली.

काकूंनी कागदावर ठळक पाच लिहिला.

"दुबळी हाय," त्या म्हणाल्या. "पळता तरी येतंय का तिला?"

"त्याचा फासा वेगळा," अर्पिता म्हणाली, आणि तिनं तो त्यांच्या हातात दिला.