गुण कुणाच्या गोळीचा

आमच्या घरात कुणाचा ताप उतरला की वाद ठरलेला: गुण कुणाच्या गोळीचा? सासूबाईंचा जीव त्यांच्या पांढऱ्या गोळीवर, नणंदेचा गरम पाण्यात ढवळायच्या पुडीवर. मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही, माझी सर्दी-तापाची लाल गोळी असतेच. जिची ती गुपचूप देणार, म्हणजे मान एकटीला. सगळी औषधं दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी, मग भीती कसली!

या वेळी आजारी पडले आमचे हे. सुतारकाम करतात, कुणाच्या घरचा जिना अर्धवट राहिला होता. ताप असताना कामावर जायचं म्हणून जी देईल ती गोळी निमूटपणे गिळत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी उलट्या सुरू झाल्या. चहाचं नाव काढलं तरी तोंड फिरवायचे, आणि उजवा हात बरगडीखाली दाबून धरलेला. सासूबाई म्हणाल्या पित्त असेल. मला काही बसवेना. उगीच ओटा पुसला, पुन्हा पुसला, मग कचरा टाकायला गेले.

बादलीत रिकाम्या पाकिटांचा खच होता. रंग वेगळे, नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या. पण नावाखालच्या मुंगीएवढ्या अक्षरांत तिन्हींवर एकच औषध: पॅरासिटामॉल. आम्ही तिघी मिळून माणसाला एकच औषध तिप्पट चारत होतो.

ती पाकिटं पदरात बांधून आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं आणि विचारलं, कुणी किती दिल्या, शेवटची कधी? यकृताचा प्रश्न आहे, म्हणाल्या, पुढचं सगळं त्यावरून ठरवायचंय. मी माझ्या गोळ्या सांगून टाकल्या. सासूबाई म्हणाल्या, एखादीच दिली असेल. नणंद म्हणाली, पुडी का कुठे औषध असतं? एरवी गुणासाठी भांडणाऱ्या या दोघी! मी व्हरांड्यात येरझारा घालत होते. आत ते कण्हत होते, आणि इथे या आकडा लपवत होत्या. माझा संताप संताप झाला.

"आई, मान नंतर घ्या," मी म्हटलं, "आधी आकडा द्या."

त्यांनी मान खाली घातली. "तू झोपलीस की दोन द्यायचे," त्या म्हणाल्या. "दिवसा दोन, त्या वेगळ्या. माझीच लागू पडावी, एवढंच वाटायचं गं."

मग नणंदेचंही तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईंनी सगळ्याची बेरीज केली आणि लगेच सलाईनमधून उतारा सुरू केला. वेळेत आलात का, ते यकृताचे रिपोर्ट सांगतील, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. सासूबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी काहीच म्हटलं नाही. नणंद खिडकीशी उभी होती, तिनेही नाही. रिपोर्ट अजून यायचे होते.

तेवढ्यात नर्स इंजेक्शन घेऊन आली. सासूबाईंनी तिचा हात धरला.

"हे कसलं आहे, जरा मोठ्याने सांग बाई," त्या म्हणाल्या. "आम्हा तिघींनाही ऐकू दे."