फुलली का गं?

"ही वेल राहू देतो, मावशी. फुलली की कुंपण कसं खुलून दिसेल! पोरं खूश होतील," नवा माळी म्हणाला आणि खुरपं घेऊन पुढच्या गवताकडे वळला.

मावशी म्हणजे दवाखान्याच्या धुलाईघरातली इस्त्रीवाली. ओल्या चादरींची टोपली कमरेवर घेऊन ती मागच्या अंगणात उभी होती. इथे आता कामगारांच्या लेकरांसाठी पाळणाघर निघणार होतं, म्हणून ही साफसफाई. वेलीला अजून कळीही नव्हती, म्हणून माळ्याने ती ओळखली नव्हती. गप्प बसलं की वेल वाचत होती. एरवी डॉक्टरांच्या कोटावर चहाचा डाग दिसला तरी मावशी वॉर्डभर ऐकवायची, पण आज तिने मिठाची गुळणी धरली.

कारण होती तिची लेक, बुटकी. सात वर्षांची असताना ती शाळा सुटली की थेट इथेच यायची. एकदा तिने या वेलीचं लाल-पिवळं, मागे वळलेल्या पाकळ्यांचं फूल तोडून केसात खोवलं. मावशीने ते हिसकावलं, तिचे हात खसाखसा धुतले आणि वर दोन धपाटे घातले.

"विषारी आहे ते, भवाने!"

"मग एवढं सुंदर कशाला आहे?" बुटकी हुंदके देत म्हणाली.

शेवटी दोघींचा तह झाला. वेल ठेवायची, पण बघायचं ते हात मागे बांधून. तेव्हापासून दरवर्षी बुटकी कुंपणापाशी तशी उभी राहायची, तपासणीला आलेल्या साहेबासारखी.

आता ती दूर, परक्या गावी, नोकरी-संसारात बुडालेली. भांडण काही नव्हतं, बोलणंच आटलं होतं. जेवलीस का, बरी आहेस का, की संपलं. फक्त वेल फुलायच्या दिवसांत ती आपणहून फोन करायची, "आई, फुलली का गं?" मग लहानपणाच्या गोष्टी निघायच्या आणि फोन ठेववत नसे. त्या एका फोनवर मावशी वर्ष काढायची. लेकीची आठवण तिला रोज यायची, पण रोज फोन करायला निमित्त कुठून आणायचं?

दोरीवर चादर टाकताना तिची नजर कुंपणाच्या खालच्या तारेवर गेली. तिथे वेलीचं एक कोवळं पान होतं. रांगत्या लेकराच्या बरोबर तोंडाशी येईल असं.

"दादा," ती म्हणाली, "ती कळलावी आहे."

"छे हो! फुलाशिवाय कसं सांगता?"

"पानाचं टोक बघा. तारेला कसा पीळ घातलाय. हिचं पानच असं धरून बसतं. आणि खालचा कंद तर जीवच घेतो. मुळापासून काढा, तुकडासुद्धा ठेवू नका."

माळ्याने वाकून पाहिलं आणि जीभ चावली. "मी आपला रताळ्याचा भाऊबंद समजत होतो!" मग मावशीच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाला, "एवढा जीव आहे, तर कुंडीत लावून घरी न्या की."

"माझ्या दारात शेजारणीची दोन पोरं रांगतात. त्यांना काय सांगू, हात मागे बांधून रांगा?"

माळी हसला. मावशीही हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. त्याने हातमोजे चढवले आणि दोन बोटं फाकवल्यासारखा तो कंद अख्खा उपसून काढला. वेल तुटली तरी पानं तार सोडेनात. एकेक टोक सोडवावं लागलं.

पाळणाघर सुरू झालं. एका दुपारी पोरं झोपली असताना फोन आला.

"आई, फुलली का गं?"

मावशी कुंपणापाशी गेली. तार मोकळी होती. खरं सांगायला तिने तोंड उघडलं.

"अजून नाही गं."

"अजून नाही? यंदा उशीरच केला की तिने. बरं, मग पुढच्या आठवड्यात विचारते."

"विचार," मावशी म्हणाली. फोन खिशात ठेवून, हात मागे बांधून, ती कितीतरी वेळ त्या मोकळ्या तारेकडे बघत उभी राहिली.