मोमोसेच्या डिफला हात कुणी लावला

जेवणाच्या सुट्टीनंतर मोमोसेनं आपली गाडी उलटी केली, डाव्या चाकाचा दांडा काढला आणि चष्मा कपाळावर सरकवून आत डोकावला. स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या कडेपर्यंत त्यानं सकाळी रंगाची पांढरी रेघ ओढली होती, केसाएवढी बारीक. ती तुटली होती. स्क्रूवरचा तुकडा पुढे सरकला होता आणि कडेवरचा होता तिथेच राहिला होता.

"सापडला," तो पुटपुटला. अजून कुणी सापडलं नव्हतं, पण दोन महिने मनात चुकचुकणारी पाल एकदाची डोळ्यांना दिसली याचाच त्याला आनंद झाला. आनंद म्हणावा की राग, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

हामामात्सुच्या बाहेर, नागुराबाईंच्या दुकानामागे हे मातीचं मैदान. दर महिन्याला इथे रिमोटच्या गाड्यांची शर्यत भरते आणि शरद ऋतूतली वर्षाची शेवटची असते. गाड्या गुडघ्याएवढ्याही उंच नाहीत, पण त्यांना खेळणी म्हणायचं नाही. मोमोसेसमोर तर मुळीच नाही. जन्मभर त्यानं पियानोच्या कारखान्यात पट्ट्यांचा दाब बोटांनी जुळवला, आणि निवृत्त झाल्यावर तीच बोटं या गाड्यांच्या डिफला लावली.

डिफ म्हणजे मागच्या दोन चाकांमधली डबी. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं आणि आतल्याला कमी. दोघांना आपापल्या चालीनं पळू देण्याचं काम हिचं. मोमोसेच्या डिफमध्ये दोन चकत्या, मध्ये मोहरीएवढे पोलादी छर्रे आणि सगळं दाबून धरणारा एक स्क्रू. स्क्रू जास्त आवळला की दोन्ही चाकं हट्टानं जोडीनं फिरतात आणि गाडी वळायचं नाव घेत नाही. सैल केला की गाडी लोण्यासारखी वळते, पण फार सैल झाला तर छर्रे घसरतात आणि डिफ जळून जातो. नेमकी जागा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. ती मापायचं यंत्र नाही. दोन्ही चाकं घट्ट धरायची, अंगठ्यानं गिअर ढकलायचा आणि तो किती जोर मागतो ते ओळखायचं. या मैदानावर मोमोसेच्या अंगठ्याची शपथ घ्यायचे लोक. शर्यतीच्या आदल्या दिवशी सगळे आपापले डिफ घेऊन त्याच्यापुढे उभे राहायचे, आणि तो डोळे मिटून एकेक लावून द्यायचा. त्याचा रुबाब म्हणाल तर तेवढाच. तो गेला तर मागे काय उरणार, हा विचारही त्यानं कधी मनाला शिवू दिला नव्हता.

आणि त्याच्याच डिफला कुणीतरी हात लावला होता! या मैदानावर पैशाचं पाकीट टेबलावर ठेवून जा, संध्याकाळी तिथेच सापडेल. दुसऱ्याच्या गाडीला न विचारता हात लावणं म्हणजे त्याहून मोठं पाप.

संशय कुणाचा, ते शोधायला लांब जायला नको होतं. शेजारच्या टेबलावर सेरिझावा बसला होता, भाताचा गोळा खात, वाजवीपेक्षा जास्त शांतपणे. सेरिझावाचं स्टेशनजवळ ग्योझाचं, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या करंज्यांचं हॉटेल. तरुणपणापासून दोघं शेजारी बसत आले, आणि मोमोसे पहिला आला की सेरिझावा दुसरा, हेही ठरल्यासारखंच. असा माणूस किती वर्षं दुसरा राहील?

शिवाय वसंतातली ती गोष्ट होतीच. सेरिझावा एक नवा कोरा डिफ घेऊन घरी आला होता, दाट तेल भरलेला.

"एकदा तेल भर आणि विसरून जा," तो म्हणाला होता. "सैल हवा तर पातळ तेल, घट्ट हवा तर दाट. बाटलीवर आकडाच असतो. अंगठा झिजवायचं कामच नाही."

"फुकट देतोस?"

"मित्र आहे ना रे तुझा."

"म्हणूनच विचारतोय," मोमोसे म्हणाला होता. ज्या विद्येत आपला हात धरणारं कुणी नाही, तीच सोडायला लावतोय लेकाचा! त्यानं ती पेटी न उघडता कपाटात टाकली.

मग उन्हाळ्यात एकदा जेवून परतल्यावर दांड्याची पिन वरून घातलेली दिसली. मोमोसे पिन नेहमी खालून घालतो. त्या दिवशी तो जिंकला, पुढच्या महिन्यातही जिंकला. दुसरा कुणी असता तर पिन विसरून गेला असता. मोमोसे उलट जास्तच सावध झाला. बोकडालाही कापायच्या आधी चांगलं खाऊ घालतात. शेवटच्या शर्यतीला सुरी बाहेर येणार, हे त्यानं तेव्हाच ताडलं होतं.

"सेरिझावा," त्यानं आवाज साधा ठेवला, "मी हात धुवायला गेलो तेव्हा कुठे होतास?"

"इथेच."

"एकटा?"

"नाही, बँड लावला होता. काय झालं?"

"काही नाही. सहज." त्यानं ॲलन की उचलली आणि रेघेचे दोन तुकडे पुन्हा जुळेपर्यंत स्क्रू मागे फिरवला. तिरक्या डोळ्यानं शेजारी पाहिलं. सेरिझावाचा घास तोंडातच थांबला होता.

"मोमोसे, राहू दे तसाच."

"का? तुला काय माहीत, तसा म्हणजे कसा?"

सेरिझावानं घास गिळला. मग हळूच म्हणाला, "बरं, निदान एकदा तपास. गिअर ढकलून बघ."

मोमोसेनं चाकं धरली आणि अंगठा लावला. फेब्रुवारीपासून त्या अंगठ्यातली थंडी गेली नव्हती, पण थंडी काय, सगळ्यांनाच वाजते. गिअर जागचा हललाय असं त्याला जाणवलं नाही. "मागे फिरवला तरी कातळ आहे कातळ!" तो म्हणाला, आणि आता त्याला राहवेना. तो उठून उभा राहिला. "ऐका सगळे! या माणसानं माझ्या डिफला हात लावलाय. मी खूण केली होती."

मैदानावर कुणी ओरडत नाही. त्यामुळे ते वाक्य लांबपर्यंत गेलं. मोटारींचे आवाज बंद पडले. नागुराबाई शिट्टी हातात धरून आल्या. शर्यतीच्या पंच त्याच.

"असं बोललात तर गाडी सर्वांसमोर उघडावी लागेल, मोमोसे-सान," त्या म्हणाल्या. "आता उघडायची की नंतर?"

"नंतर. आधी हरवतो त्याला, मग उघडतो."

सेरिझावानं मान खाली घातली. चोराच्या मनात चांदणं, मोमोसे मनात म्हणाला.

शर्यत सुरू झाली आणि मोमोसेची गाडी सुटली ती सुटलीच. पहिलं वळण तिनं असं घेतलं की बघणाऱ्यांनी माना डोलावल्या. पण लांब सरळ पट्ट्यावर मोटार एकदम किंचाळली आणि गाडी मात्र मंदावली. मोमोसेनं आणखी जोर दिला, तशी मोटार आणखी किंचाळली. मागून धूर निघाला, जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि गाडी मैदानाच्या मधोमध उभी राहिली. बाकीच्या तिला वळसा घालून गेल्या. शर्यत तोबा नावाच्या तरुण पोस्टमननं जिंकली. सेरिझावा पाचवा आला. एवढा मागे तो कधीच आला नव्हता.

टेबलाभोवती सगळे जमले. मोमोसेनं डिफ उघडला. छर्रे निळे पडले होते, चकत्यांना चर गेले होते आणि गिअरचे प्लास्टिकचे दाते वितळून गोळा झाले होते.

"बघा! डोळ्यांनी बघा काय केलंय ते!"

तोबानं मान पुढे काढली. "पण मोमोसे-सान, हे सैल असल्यामुळे जळलंय. आणि स्क्रू तर रेघेवरच आहे. तुमच्याच."

मोमोसेनं पाहिलं. रेघ सलग होती. स्वतःच्या हातानं जुळवलेली.

"त्यानं काहीतरी..." तो सेरिझावाकडे बोट दाखवत म्हणाला.

"मी हात लावला," सेरिझावा म्हणाला. "आज लावला, उन्हाळ्यातही लावला. दर वेळी पाव फेरा आवळत होतो. कधी त्याहून जास्तही."

"कधीपासून?"

"थंडीपासून. तू लावलेला डिफ माझ्या हातात आला तेव्हाच कळलं. गिअर भिंगरीसारखा फिरत होता आणि तू म्हणालास, झकास."

"मग सांगायला तोंड नव्हतं?"

"तोंड?" सेरिझावाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तेलाचा डिफ घेऊन घरी आलो तेव्हा काय म्हणालास? फुकट देतोस? तू डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालास तेव्हा म्हटलं, बोटंही दाखव, तर म्हणालास, मला म्हातारा ठरवतोस? ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. तुला काही सांगायचं म्हणजे आधी तुझ्या संशयाच्या दारावर ताटकळायचं. मी कंटाळलो. तू आत गेलास की गुपचूप आवळायचो. तू जिंकायचास, मी दुसरा यायचो, आणि विषय संपायचा."

मोमोसे तोबाकडे वळला. "तुझा डिफ मी काल लावला. तो तर ठीक होता ना?"

तोबा आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"आम्ही सगळेच, मोमोसे-सान," नागुराबाई हळूच म्हणाल्या. "तुमच्याकडून डिफ घ्यायचा, वाकून आभार मानायचे, आणि दुकानामागे थंड पेयांचं मशीन आहे ना, त्याच्या आड जाऊन परत लावायचा. कधीकधी तिथे रांग लागते."

मागे कुणाला तरी हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात लपवलं.

मोमोसे खुर्चीवर बसला. चोर असता तर बरं झालं असतं, त्याच्या मनात आलं. चोर असता तर अंगठा तरी शाबूत राहिला असता. एवढे दिवस त्यानं संशय उराशी धरला होता तो याचसाठी, हे त्याला आता कळलं, आणि लाजेनं त्याचे कान तापले. त्यानं ॲलन कीचं टोक अंगठ्याच्या पेरावर टेकवलं आणि दाबलं. खोल खळगा पडला. दुखलं नाही, काहीच झालं नाही.

"कळत नाही मला," तो म्हणाला. "फेब्रुवारीपासून काहीच कळत नाही."

मग तो उठला, सेरिझावापुढे कमरेत वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. सेरिझावाला काय करावं ते सुचेना. त्यानं उरलेला भाताचा गोळा डब्यात ठेवला, पुन्हा बाहेर काढला.

"पुरे आता, हो सरळ. कंबर धरेल आणि तेही माझ्यावर येईल."

मोमोसे सरळ झाला. तो तोबाकडे बघत होता. "तू किती आवळतोस?"

"अर्धा फेरा," तोबा चाचरत म्हणाला.

"अर्धा? गाढवा, म्हणून तर तुझी गाडी प्रत्येक वळणावर नाक बाहेर काढते! आज जिंकलास ते मी बंद पडलो म्हणून. पाव फेरा पुरे."

मोमोसेनं जळके छर्रे तळहातावर गोळा केले आणि कुणाकडे न बघता बोलला, "यापुढे कुणी मशीनमागे जायचं नाही. लावायचं ते इथे, माझ्यासमोर. मी चुकलो तर तोंडावर सांगायचं."

"आणि तू संशय घेशील," सेरिझावा म्हणाला.

"घेईन," मोमोसे म्हणाला. "तरी सांगायचं."