अपेक्षित बारा, प्रत्यक्ष एकोणीस

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही विचाराल, हे जुनं लाकूड इथे कशाला टांगलंय? माझा काळा रंग विटला आहे, चौकटीचा एक कोपरा सुटला आहे आणि कितीही पुसलं तरी अंगावरचा खडूचा पांढुरका थर जात नाही. मी एक फळा आहे. ठाकुर्लीच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मैदानाकडे तोंड करून मी लटकतो.

माझा जन्म आंबिवलीच्या एका सुताराकडे झाला आणि पहिली नोकरी तिथल्याच शाळेत लागली. बाई वर्गात आल्या की आधी माझ्या कोपऱ्यात पट आणि हजर लिहायच्या. रोज दोन-तीन मुलं गैरहजर असायचीच, त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण एकदा अचानक अर्धी मुलं आली नाहीत. बाईंनी खडू ठेवला आणि त्या थेट मुलांच्या घरी गेल्या. वस्तीत गोवर आला होता. त्या वेळेवर गेल्या म्हणून बरीच पोरं बरी झाली. ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. मुलं मला ओल्या फडक्याने पुसायची, सणाला माझ्यावर फुलं काढायची.

पुढे शाळेत पांढरे चकचकीत फळे आले. मी मोडक्या बाकांखाली धूळ खात पडलो. संघाच्या एका सभासदाने मला तिथून उचलून ठाकुर्लीला आणलं, म्हणून वाचलो.

इथे माझ्यावर सहलीच्या सूचना, वाढदिवस आणि कोणी गेलं तर भावपूर्ण श्रद्धांजली लिहिली जाते. लिहायचं काम मायाताई साळवे यांचं. त्यांचं अक्षर सुरेख. त्या विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या. अमुक वयाची इतकी माणसं असतील, तर वर्षभरात त्यांतली साधारण किती जातील, याचे तक्ते करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती.

एका सकाळी श्रद्धांजली लिहिता लिहिता त्या थांबल्या. शेजारी बसलेल्या भीमाबाईंना म्हणाल्या, "भीमाबाई, हल्ली मी हे फार वेळा लिहितेय."

"वयं झालीत गं सगळ्यांची. होणारच की."

"वयं धरूनच म्हणतेय मी."

वर्ष संपलं तेव्हा मायाताईंनी सगळ्या सभासदांची वयं घेऊन हिशेब मांडला आणि माझ्यावर दोन रकाने आखले. एकावर लिहिलं 'अपेक्षित', दुसऱ्यावर 'प्रत्यक्ष'. आधीची तीन वर्षं दरवर्षी बारा अपेक्षित होते. गेले होते अकरा, तेरा आणि बारा. गेल्या वर्षीही अपेक्षित बाराच होते. प्रत्यक्ष गेले एकोणीस.

मित्रांनो, त्या दिवशी शेडमध्ये जो गोंधळ झाला, तसा शाळेतही कधी झाला नव्हता. कुणी म्हणालं, अपशकुन आहे. कुणी म्हणालं, आमच्या मरणाची वाट बघता का? संघाचे अध्यक्ष धाकूशेठ भोईर तर तांबडेलाल झाले. त्यांचे वडील मिठागरात राबलेले. आता त्याच घराण्याच्या जमिनीवर इमारती उभ्या आहेत. माणूस दिलदार, पण मरणाचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे.

"मायाबाय, आमी हितं हसाया येतो का मराया? पुसा ते!"

"अपेक्षित म्हणजे आपली इच्छा नव्हे, धाकूशेठ. एवढं व्हायचंच, असा अंदाज. त्याहून जास्त जे झालं, ते का झालं एवढंच विचारतेय मी."

धाकूशेठ उठले आणि त्यांनी आपल्या हाताने दोन्ही रकाने पुसून टाकले. पुसलं जाणं हे तर माझं आयुष्यच. पण त्या दिवशी मला पहिल्यांदाच राग आला. अहो, आकडा पुसला म्हणून गेलेली माणसं परत येतात का?

मायाताई गप्प बसल्या नाहीत. त्या गेलेल्यांच्या घरी गेल्या. बऱ्याच घरांत एकच गोष्ट कानावर आली. एका धर्मादाय संस्थेचा दवाखाना आधी इथेच, मैदानाच्या कडेला होता. तिथे रक्तदाब तपासून गोळ्या फुकट मिळायच्या. दुरुस्तीच्या नावाखाली तो रुळांपलीकडे हलवला आणि तिथेच राहिला. पुलाचे जिने चढवत नाहीत, रिक्षाने दर वेळी कोण नेणार, म्हणून म्हाताऱ्या माणसांनी हळूहळू तपासणी सोडली, मग गोळ्याही सोडल्या. घरात सांगितलंही नाही.

मायाताईंनी फारच आग्रह धरला, तेव्हा दवाखान्याचे व्यवस्थापक प्रशांतसर यांना संघाने बोलावलं. मायाताईंनी सगळं पुन्हा माझ्यावर मांडलं. प्रशांतसर सभ्य माणूस. त्यांनी चहा घेतला, मान डोलावली.

"काकू, तुमची मेहनत दिसते. पण आकडे किती लहान आहेत! एखाद्या वर्षी होतं वरखाली. आणि शेवटी, वय झालं की माणसं जाणारच ना?"

"एका वर्षावरून मीही छातीठोक सांगणार नाही. पण तुम्ही दवाखाना हलवलात आणि त्याच वर्षी हे झालं. आठवड्यातून एकदा तरी इकडे डॉक्टर पाठवा. खात्री पटायला अजून किती जण जायला हवेत?"

"वरिष्ठांना कळवतो," प्रशांतसर म्हणाले.

वरिष्ठांकडून काही आलं नाही. मायाताई फोन करत राहिल्या. कधी साहेब बाहेर असायचे, कधी मीटिंगमध्ये. इकडे सभासद त्यांना पाहून वाट बदलू लागले. स्वतःच्या मुलीने, स्वप्नाने, विचारलं, "आई, तुला कशाला गं या भानगडी?" त्या दिवशी मायाताईंनी लिहिताना खडू इतका दाबला की तो मोडला. त्या खडूचा ओरखडा अजून माझ्या अंगावर आहे.

दुसऱ्या वर्षी सभासद वर्षाने म्हातारे झाले, म्हणून अपेक्षित आकडा तेरा झाला. आणि ते वर्ष सरता सरता धाकूशेठची बायको आवडाबाई गेली.

बाई गाणी म्हणायची, सगळ्यांना घरचे तांदळाचे पापड आणून द्यायची. चक्कर येऊन पडली, मेंदूत रक्तस्राव झाला. दारात दोन गाड्या उभ्या होत्या. पण पोरं कामावर असायची आणि त्यांना सांगायचा तिला संकोच वाटायचा. गोळ्या संपून किती महिने झाले होते, हे धाकूशेठना ती गेल्यावर कळलं.

बाराव्यानंतर ते शेडमध्ये आले. मायाताईंच्या हातातून खडू घेतला आणि श्रद्धांजली स्वतः लिहिली. अक्षर वेडंवाकडं आलं. मग माझ्याकडेच बघत म्हणाले, "मायाबाय, मना एक सांगा. माजी आवडा त्या तेरांतली व्हती, का वरची?"



"ते नाही हो सांगता येत, धाकूशेठ," मायाताई हळूच म्हणाल्या. "जास्त गेले एवढं दिसतं. त्यांतलं कोण जास्तीचं, ते कुणालाच कळत नाही. म्हणून तर कुणी अंगाला लावून घेत नाही."

त्या वर्षीचा प्रत्यक्ष आकडा होता एकवीस. या वेळी तो कुणी पुसला नाही.

धाकूशेठनी आपल्या इमारतीतला एक गाळा दवाखान्यासाठी मोकळा करून दिला, तोही फुकट. तरी संस्थेला तिथे डॉक्टर पाठवायला पावसाळा उलटला. आज सही नाही, उद्या टेबल नाही. धाकूशेठ रोज मुलाला, मितेशला, गाडी काढायला लावून प्रशांतसरांच्या केबिनबाहेर जाऊन बसत. शेवटी एकदाचे आठवड्यातले दोन दिवस मिळाले.

डॉक्टर येऊ लागल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण वर्षी काही नवे, तरुण म्हातारे संघात आले, म्हणून अपेक्षित आकडा तेराच राहिला. प्रत्यक्ष चौदा. मायाताईंनी ते आकडे माझ्यावर लिहिले.

संघाच्या वार्षिक कार्यक्रमाला प्रशांतसर पाहुणे होते. माझ्याकडे बोट दाखवून हसत म्हणाले, "बघा काकू, मी म्हणालेलो ना? होतं असं वरखाली. आपोआप खाली आलं की नाही?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, फळ्याला तोंड असतं तर मी काय बोललो असतो, ते तुमच्यासारख्या मुलांना सांगण्यासारखं नाही. धाकूशेठ उठणार होते, मायाताईंनी त्यांना हातानेच थांबवलं.

लोक पांगल्यावर भीमाबाईंनी विचारलं, "मग माया, या साली जे वाचले, ते कोण कोण?"

"तेही नाही सांगता येत. गेलेल्यांची नावं तरी मी लिहिते. वाचलेल्यांची कुठून लिहू? तुम्हीसुद्धा असाल त्यांत."

भीमाबाईंनी काठी उचलली. म्हणाल्या, "असेन तर असेन. चल, आज डॉक्टरचा वार आहे. माझं प्रेशर बघून घेऊ." दोघी मैदान ओलांडून गाळ्याकडे गेल्या.

मित्रांनो, संघात आता मोठा टीव्ही लावायचं ठरतंय. मला कुठे ठेवतील, ठाऊक नाही. जाण्याआधी एवढंच मागतो. कुणी गेलं की 'वय झालं होतं' एवढं म्हणून गप्प बसू नका. आणि आज घरी गेलात की आजी-आजोबांच्या गोळ्यांचा डबा उघडून पाहा. रिकामा असेल, तर त्यांनी सांगायची वाट पाहू नका. ते सांगणार नाहीत.